मोजदाद

कारखान्यात चेकर विड्या मोजतो.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे, हजार.
बोटानं दाबतो, पोकळ लागली की छाट.
कमी भरल्या की पैसे कापतो.

सिव्हिलमध्ये मॅडम गोळ्या मोजतात.
इथं उलटं. इथं उरल्या की गुन्हा.
पहिल्या महिन्यात माझ्या आठ उरल्या.
मला वाटलं, काटकसर केली, खूश होतील.
त्यांनी पेन खाली ठेवला.
"भूदेवी, दोन उरायला हव्यात. बाकीच्या सहा कुठल्या रात्रीच्या?"

काय सांगू.
शेजारच्या शेडात माग चालू असले
की आमची खोली हलते, पत्रा, पातेली, माझे दोन दात.
त्या खडखडाटात डबी उघडली तर कोण ऐकतंय.
पण सुट्टीच्या दिवशी, लाईट गेली की,
गल्ली अशी गप्प होते
की गोळ्या डबीत नाचलेल्या भिंतीपलीकडं कळतात.
त्या सहा रात्री माग बंद होते.

कागदात बांधून तांदळात ठेवू का, विचारलं.
नको. त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट.
आतली ओल शोषणारी पुडी फेकायची नाही, खायची तर नाहीच.
माठाशेजारी नको. पत्र्याखालच्या फळीवर नको,
सोलापूरचा मे महिना तिथं भाकरी भाजेल.

राजेशम बरा झाला होता. तिथंच घात झाला.
अंग भरलं, पुन्हा मागावर उभा राहिला,
म्हणाला, आता कशाला, मंदू बंद.
आमच्या तेलुगूत औषधालाही मंदू, दारूलाही मंदू.
त्यानं त्यातला एकच सोडला.

मग मला पित्त झालं.
शेंगाचटणी, कडक भाकरी, दिवसभर मांडीवर तंबाखूचं सूप,
होणारच की वो.
अशोक चौकातल्या मेडिकलमधून गुलाबी बाटली आणली,
घशात ओतायच्या आधी, कसं सुचलं कोण जाणे, मॅडमना फोन केला.
"आधी आपली गोळी, बाटली दोन तासांनी.
बाटली आधी घेतलीत तर गोळीला सहा तास थांबा.
एका वेळी पोटात गेल्या तर ती हिला धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही."
कळलं. जाऊबाईचा स्वभाव.
तेव्हापासून डोकेदुखीची साधी गोळी असो की झाडपाला,
विचारल्याशिवाय जीभ उघडत नाही.

श्रावणात दोन दिवस माग बंद.
रात्री नऊ. मी डबी उघडली, वाजली.
थोड्या वेळानं दारात पोचम्मा.
तिनं काही विचारलं नाही. पदराखालून डबी काढली,
तशीच, पांढरी. हलवली.
आवाज नाही.
"चार दे. सोमवारी आणून परत करते."

साखर, हळद, पावशेर तेल,
तिला मी कधी मोजून दिलं नाही.
माझ्या डबीत बारा होत्या.
माझ्या हाताला मोजायची सवय, मोजल्या.
दिल्या नाहीत.
माझीच गोळी तिला चालेल का, मला काय ठाऊक.
आणि दिल्या तर माझ्या चार रात्री कोण भरणार.
ती उंबऱ्यावर बसली, मीही बसले.
गल्ली गप्प होती, तिचा श्वास ऐकू येत होता.
"सोमवार कशाला," मी म्हटलं, "उद्या आठला निघू."

सकाळी शेअर रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही.
सिव्हिलच्या रांगेतही दोन माणसं मध्ये सोडून उभी राहिली.
डबी घेऊन आली तेव्हा
माझ्यासमोर एकदा हलवली, जोरात,
आणि पुढं चालू लागली.

माझी पाळी त्यानंतर दहा दिवसांनी.
मॅडमनी डबी झाकणात ओतली. दोन.
"बरोबर," म्हणाल्या.
बावीस वर्षं विड्या वळते.
चेकर असं कधी म्हणाला नाही.