चौकोन

तीन नादको झाले माझे आजवर.
चौथा खडेबाजारात पेटी न उघडताच खिशात टाकला,
घरच्या माणसाचा चेहरा
कोण दिव्याखाली धरून बघतं?

वडगावात एका पत्र्याखाली सोळा माग.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
कानात काहीतरी घातल्याशिवाय
साडीचा काठसुद्धा सरळ जात नाही.

गाणी नाहीत माझ्याकडे फारशी.
आहेत त्या तालमी, कडेमनी मास्तरांच्या खोलीतल्या.
मास्तर सूर समजावायचे मराठीत
आणि चुकलं की शिवी कानडीत.
मी एकेकीला नाव देऊन ठेवलेलं:
भीमपलास, कुकरच्या तीन शिट्ट्या.
यमन, मास्तरांना खोकला.
बागेश्री, लाईट गेली तरी.
मारवा, मी रडलो ते काढायचं.

नवा नादको पातळ. काच मोठी.
त्या मोठ्या काचेवर
सात चौकोन, स्वल्पविराम, सहा चौकोन.
खाली पुन्हा चौकोन. त्याखाली चौकोन.
एवढा स्वल्पविराम तेवढा वाचला होता,
तो कुणाच्याच भाषेचा नसतो म्हणून असेल.

आठवडाभर चौकोन मोजून राग ओळखले.
दुसऱ्या पाळीला बॅटरी मेली.
आवाजाचं बटण उजवीकडे गेलेलं, अंगठा डावीकडे शोधत राहिला,
नादकोवाल्यांनी मला न विचारता
माझा अंगठा खोटा पाडला.

दुकानात इराण्णा म्हणाला, "मराठी बरंगिल्ल री."
"आणि कानडी?"
"अदूनू बरंगिल्ल."
म्हणजे ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांना
रात्रीत डांबर लागतं,
तिथं या डबीनं दोघांनाही सारखंच पुसलं,
ना मोर्चा ना बंदोबस्त.
हसू आलं मला. इराण्णालाही आलं.
मग त्यानं काउंटरखालून मिरॅक्स काढला,
हिरवा, कपडे धुवायच्या वडीसारखा,
वर तीनशे द्या म्हणाला.
यात कानडी येते. मराठीचे चौकोनच.

परत निघालो होतो, गोवावेसपर्यंत आलोही,
तिथून वळलो.

शिवलीलाच्या भावाचं झेरॉक्सचं दुकान.
जेवणाच्या सुट्टीत ती कांड्या भरायच्या सोडून
माझ्यासाठी कीबोर्डवर बसली.
मी मराठीत सांगतोय, ती कानडी अक्षरात घालतेय.
कुकर तसाच उतरला. खोकलाही.
ळ तर दोघांच्या घरचाच.
फक्त डोक्यावरची रेघ गेली सगळ्यांच्या,
उन्हात उभे केल्यासारखे माझे राग.
मारव्याशी ती थांबली.
"हे पण घालू, मामा? रडलो ते?"
मी म्हटलं, घाल की गा, त्यात काय.

आता मागावर वाचत बसतो.
आठवीपर्यंतची कानडी माझी, काठावर पास,
बागेश्रीतली श्री लागेपर्यंत
मास्तरांचा आलाप निम्म्यात आलेला असतो.
नादकोचं स्टिकर खांबावर आहे अजून,
खरवडलं तर रंग निघेल म्हणून ठेवलंय.

काल मारव्यापर्यंत पोचलो.
तिथं नुसतं मारवा,
पुढं स्वल्पविराम,
त्यापुढं काही नाही.
शिवलीलाला विचारलं नाही.
ती समोर कांड्या भरालीती, मान खाली.
मी आवाज वाढवायला गेलो
आणि बटण इथंही उजवीकडेच.