लाल

मॉनिटरला लाल दिसेनासा झाला
तेव्हापासून कुंकू मी अंदाजाने भरत होते.
सरवट्यांच्या पत्रिकेवर ते विटकरी उतरलं.
शंभर प्रती परत.

साडेतीन हजार, बस.
त्यातले पाचशे भिशीतले, घरी न सांगता.

जेल रोडवर मनवानी म्हणाला,
"नया सात का है, ताई. ये बँक का माल है, देख लो."
वायर जोडली. लाल लख्ख.
फक्त मधोमध काचेत
जळून बसलेलं काहीतरी पुसट.
त्याचे मी दोनशे कमी करवले.

आता रामबागेत, रात्री,
कुणाचंही लग्न उघडलं
की श्रीगणेशाच्या पाठीमागे
कृपया प्रतीक्षा करें.

छपाईत येत नाही ते.
दोनदा तपासलंय मी.