फॉरमॅट मारण्याआधी

विट्यात, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझं दुकान.
पाटीवर कॉम्प्युटर रिपेअर,
लोकांच्या तोंडी गलाईवाल्याचं दुकान.
बरोबरच आहे. सेलमला अकरा वर्षं मूस धरली,
डाव्या मनगटावर तेजाबाचा डाग अजून आहे,
आणि खोकला.

चैत्रात यात्रेला सगळे गावी येतात,
कोइमतूर, विजयवाडा, कटक,
आणि परत निघताना माझ्याकडं.
मोबाईल भरलेला असतो, सुटी संपलेली असते.

निवास हजारेनं ड्राइव्ह काउंटरवर ठेवली.
दुकानातलीच, जुनी, कडेला टेप लावलेली.
'एवढी फॉरमॅट मारा. आबांचं शूटिंग घालायचंय.
साडेतीन तास, एका दमात बोललेत,
पहिल्यांदा रेल्वेत बसले तिथनं.'

'कुठं उघडणार?' मी विचारलं.
'म्हणजे?'
म्हणजे ड्राइव्ह कुठनं घेतली ते सोडा,
ती कुणाच्या दारात जाणार ते सांगा.

सेलमच्या दुकानात विंडोज.
पुण्यात पुतणी, तिच्याकडं मॅक, ती खाली तमिळ अक्षरं घालणार,
तिकडंच जन्मलेल्या पोरांसाठी.
आणि घरी टीव्ही. जुना. आबांचा.

मग मी सांगितलं, गिऱ्हाइकाला कस सांगावा तसं:
एनटीएफएस पक्कं. रोजमेळ ठेवतं,
मध्येच लाइट गेली तर कुठल्या ओळीवर होतो ते त्याला आठवतं.
पण मॅक त्याला नुसतं वाचतो,
पुतणीला एक अक्षर लिहू देणार नाही.
एक्सफॅट दोन्हीकडं चालतं, कितीही मोठी फाइल गिळतं,
फक्त रोजमेळ नाही. न सांगता ओढली
की हिशेब हवेत.
फॅट थर्टीटू म्हातारं, सगळ्या गावाच्या ओळखीचं,
एका घासाला चार जीबी, त्याच्यावर तोंड मिटतं.

'एक्सफॅट मारा,' तो म्हणाला, 'आत काय न्हाई.'

हे वाक्य मी ऐकलंय.
सेलमला एक बाई आलेली, दोन झुमके घेऊन.
वितळवा, म्हणाली. तासानं परत आली.
लगड तिच्या तळहातावर ठेवली. वजन बरोबर होतं.
ती उलटीपालटी करून बघत राहिली,
जणू कुठनंतरी कानाचा आकडा निघेल.

म्हणून मी आधी उघडतो.
चार वर्षांची बिलं. त्याखाली 'न्यू फोल्डर',
त्याच्या पोटात आणखी एक, आणि त्यात
बत्तीस सेकंदांचा आवाज,
त्याच्या आईचा: गॅस संपलाय, येताना सांगून ये.
मी पंखा बंद केला. आवाज बारीक होता.
निवासनं काउंटरची कड धरली. परत लावा, म्हणाला.
परत लावला.

तो दोन ठिकाणी उतरवून घेतला,
मग फॉरमॅट मारला.

राहिला टीव्ही. त्याला म्हाताऱ्याचीच ओळख.
म्हणजे ज्याचं शूटिंग त्यालाच दिसायचं नाही,
आबा लॅपटॉपकडं बघत नाहीत, त्यात माणसं लई बारकी.
फाइल अकरा जीबीची.
सोळाची पेन ड्राइव्ह काढली, फॅट थर्टीटू मारलं
आणि तोडायला बसलो.

आकड्यावर तोडलं असतं तर शब्दाच्या मधनं गेलं असतं.
हेडफोन लावला. मिरजेच्या फलाटावर झोपलेले आबा,
उशाला चिमटा, खिशात कुणाचातरी पत्ता,
भाषा न कळणारं गाव.
पहिला तुकडा, पाणी प्याले तिथं.
दुसरा, कुणीतरी चहा आणला तिथं.
पुढं भावाचं नाव घेतलं आणि गप्प बसले.
तिथं तोडणं सोपं होतं. नाही तोडलं.
ती शांतता तिसऱ्या तुकड्यात पूर्ण आहे,
चौथा खोकल्यानंतर सुरू होतो.

दिवे लागले होते. पेन ड्राइव्हचे तेवढे घेतले.
'ओढायची नाही हां,' म्हटलं,
'आधी त्याला सांगायचं, मग काढायची.'
तोवर त्यानं ओढलीच होती.

परत लावून बघितलं.
होतं सगळं.