आवर्तन

समुद्र इथून एका रात्रीच्या एसटीवर,
तरी पांझरेच्या या काठाला
धुळ्यात चौपाटीच म्हणतात,
आणि म्हणताना कुणी हसत नाही.

दिवे लागले तरी सिमेंटचा बाक तापलेलाच.
लोटनअप्पा आधी रुमाल टाकतात, मग टेकतात.
पाठीवर कोरलेलं देणगीदाराचं नाव
त्यांच्या सदऱ्यानं रोज थोडं पुसलं जातं.
सूतगिरणी सुटल्यापासून तीन फेऱ्या
आणि मग हाच बाक.
कठड्याचा एक पाइप कुणीतरी कापून नेलाय;
त्या फटीतून खाली उतरतात
वाळूची गाढवं, पोरं,
आणि वारा, असला तर.

आज धरणाचं आवर्तन सुटलंय.
दुपारपासून गावभर एकच:
पाणी वरच्या फरशीला लागलं,
पाणी स्मशानाच्या वळणाशी आलं.
जुलेखाबीच्या गाडीवर मुगाची भजी तळून निवतात,
गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठ करून उभी.

फोन वाजतो. वैजंता,
विशाखापट्टणमला नर्स.
ड्युटी संपली की तीही चालते
तिकडच्या काठानं, खऱ्या.
"बघा अप्पा," ती फोन फिरवते.
तळहाताएवढ्या काचेत
काळंनिळं काहीतरी उठतं, फुटतं.
अप्पांचा अंगठा अर्ध्या समुद्रावर.
"जेवनी का?" ते विचारतात.
मग, बोलायचं राहिलं म्हणून,
"मोठा शे."

तेवढ्यात रेंज जाते.
लाट उठल्या जागीच अडकते,
वैजंताचे केस वाऱ्यात तसेच,
एक शब्द ओठांत अर्धा.
अप्पा फोन हलवतात,
बंद पडलेलं घड्याळ हलवावं तसा.

आणि खाली पाणी आलं.
आवाज न करता. आधी वाळूत एक ओली रेघ,
रेघेच्या तोंडाशी काड्या, एक चप्पल,
निर्माल्यातले झेंडू.
नव्या गावात पत्ता शोधावा तसं
या दगडाशी थांबत, त्या दगडाला वळसा घालत.
पोरं ओरडली. गाढवांनी कान टवकारले.

अप्पा उठले, फटीशी गेले,
थिजलेल्या समुद्राचं तोंड नदीकडे करून
हात लांबवून धरला,
आणि ऐकू जाणार नाही हे माहीत असून
मोठ्यानं म्हणाले,
"आठे बी पानी शे, माय."

रुमाल बाकावरच राहिला.
चौथी फेरी त्यांनी पाण्यासोबत घातली,
पाण्याच्या जरा पुढं,
वाट दाखवत.