ओल

लग्नाआधीचा त्याचा हात मी पाहिलेला नाही.
सासूबाई सांगतात: परीक्षेत शाई फुटायची,
अक्षरांना मिशा यायच्या.
आणि वडिलांच्या दुकानात, जिथे जुनी चित्रं
खळ लावून नव्या कागदावर चढवतात,
तिथे वेन-पिनला कशालाही हात लावायची मनाई.
एका वाघाचं शेपूट त्याच्या अंगठ्याखाली
विरघळून गेलं होतं म्हणे.

एकोणिसाव्या वर्षी, ताइनानच्या इस्पितळात,
दोन्ही काखांखाली बोटाएवढी भोकं,
फुप्फुस जरा बाजूला सारलं
आणि बरगडीवरून जाणारी शेवयीएवढी नस
जाळून टाकली. अर्ध्या तासाचं काम.
शुद्धीवर आला तेव्हा हात गरम होते. कोरडे.
सासरे रडले. घरी आल्यावर पहिल्यांदाच
लेकाच्या हातात त्यांनी खळीचा ब्रश दिला.

मग उन्हाळा आला.
घामाने हात सोडला,
पाठ सोडली नाही.

दिवसाला पाच बनियन. मी धुते, मला आकडा ठाऊक.
खुर्चीवर टॉवेल, स्कूटरच्या सीटवर टॉवेल,
डिसेंबरातही मांड्यांमागून ओघळ.
खारवलेला आलुबुखार चावला की कानशिलं पाझरतात,
पाहुणे विचारतात, तिखट लागलं का?
डावी पापणी किंचित उतरलेली.
पहिल्या भेटीत मला वाटलं, हा लाजतोय.
ती नस होती.

आणि हात असे सुके की कागद बोटांतून निसटतो.
पान उलटायला बँकेतल्या कारकुनासारखा
ओला स्पंज जवळ ठेवतो.
पस्तावा होतो का, मी विचारलं एकदा.
म्हणाला, सकाळी विचार, दुकानात.
रात्री नको विचारूस.

या वर्षी यू-छिंग शाळेत जायला लागली.
वहीची पानं फुगलेली, पेन्सिल सटकते,
खेळताना गोल केला की तिच्या दोन्ही बाजू मोकळ्या.
सासूबाई म्हणाल्या, मोठी झाली की हिचंही करून—
तो उठला. बनियन बदलून आला.
लेकीशेजारी बसला, तिचा तळवा
आपल्या तळव्यावर घेऊन
बराच वेळ नुसता बसून राहिला.
मग तिच्या गोष्टीच्या पुस्तकाकडे हात नेला.
स्पंज दुकानातच राहिला होता.

पान पहिल्याच खेपेला उलटलं.