उजवी झडप

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाच कॅमेरे मांडलेत.
मीठदाणी बाजूला सारली, अलोइसचा चष्मा मात्र तिथेच राहिला.
मार्चमध्ये मी लिंकन अव्हेन्यूवरच्या दोन खोल्यांत राहायला जाणार,
आणि जीनाइन म्हणते, आई, एकच ठेव.
एकच. जणू मांजराची पिल्लं आहेत.

पहिला रिअलिस्ट.
आमच्याच गावचा, मिलवॉकीचा.
माझी नणंद त्या कारखान्यात स्क्रू पिळायची,
म्हणून घरात त्याला जावयाचा मान.
कपाळाला टेकवून बघावं लागतं;
बघणारा देवापुढे उभा असल्यासारखा दिसतो.
फिल्म ओढायची वेगळी, चाप चढवायचा वेगळा,
एक विसरलात की एकाच चौकटीत
ईस्टरचं जेवण आणि सासऱ्यांची अंत्ययात्रा.
तसं एकदा झालंही.
दोन्हीकडे हॅम होतंच.

दुसरा रिव्हिअर.
त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तिसरा बेलप्लास्का, ड्रेस्डेनचा,
अलोइसच्या मावसभावाच्या ट्रंकेत लोकरी मोज्यांखाली आलेला.
खरं सांगते, याच्याइतकं धारदार कोणी बघत नाही.
ट्यूलिपच्या पाकळीवरच्या मुंगीचा
एकेक पाय हवेत सुटा करून दाखवतो.
मला त्याची थोडी भीती वाटते.
त्याच्या फोटोत माझ्या मानेवरची सुरकुती
माझ्या चार बोटं पुढे येऊन उभी राहते.

चौथा स्पुतनिक, काळा, तीन डोळ्यांचा.
कुठूनतरी उजेड गळतो त्यात.
अलोइसने आतून मखमल चिकटवली, रात्र रात्र बसून,
तरी गळतो.

या चौघांनी मिळून चाळीस वर्षं पाहिली:
पूल, धबधबे, दात पडलेली जीनाइन,
आणि मी, मी, पुन्हा मी,
कुठल्यातरी कठड्याला टेकलेली.
खोली येण्यासाठी पुढे काहीतरी लागतं म्हणे.
मी ते काहीतरी होते.
तो स्वतः एकाही डब्यात नाही.

पाचवा कोडॅक.
हलका, तपकिरी. बायकांचा, असं तो म्हणायचा,
आणि वाढदिवसाला मला दिला.
अंतर अंदाजाने ठरवायचं.
आत बघितलं की पाण्याचा एक बुडबुडा दिसतो,
तो मधोमध आला की जग सपाटीवर.

फेब्रुवारी, विनेबेगो तळं, दीड फूट बर्फ.
अलोइस भोकाशी बसलेला, हातात वीतभर पर्च.
"पावलं मोजलीस का?" त्याने विचारलं.
"तुझी की माशाची?" मी म्हटलं,
आणि बटण दाबलं.

थंडीने आतलं वंगण घट्ट झालं होतं.
डावी झडप वेळेवर उघडली.
उजवी, किंचित मागाहून.

आता स्लाइड दर्शकात घालून बघा.
डाव्या डोळ्याला तो गंभीर, अजून पावलांच्या हिशेबात.
उजव्याला हसू फुटलेला.
दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी, म्हणतात ना,
इथे भेटतात, पण त्यांचं एकमत होत नाही.
टोपी, मासा, बर्फावरची बादली,
सगळं जागच्या जागी घट्ट.
फक्त त्याच्या तोंडाशी काहीतरी थरथरतं.
हसायचं की नाही, ते अजून ठरतंय.

फोटो म्हणून नापास.
क्लबात दाखवला तेव्हा मिस्टर झ्वोलिंस्कींनी च् च् केलं:
"बर्नडीन, आणून दे. दहा मिनिटांचं काम.
जुनं वंगण पुसलं की दोन्ही झडपा एका दमात उघडतील."
काल फोनवरही तेच म्हणाले.

बेलप्लास्का त्यांनाच देऊन टाकते.
त्यांना मुंग्या आवडतात.
रिअलिस्ट जीनाइनकडे जाईल,
स्पुतनिक तिच्या मुलाकडे, उजेडासकट.
कोडॅक मी टॉवेलात गुंडाळला,
वर चष्मा ठेवला,
आणि झ्वोलिंस्कींना कळवलं,
वंगण राहू द्या.

रिव्हिअरचं काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही.