रॉकेलचा फ्रिज

चौदा वर्षं मी डॉक्टर दुरींची जीभ होते.
ते म्हणायचे, "आतड्याला पीळ पडलाय, आजच कापावं लागेल,"
मी लोझीत सांगायची,
"आई, पोटातल्या दोरीला गाठ बसलीय,
आणि हा माणूस गाठी सोडवण्यात वाकबगार आहे."
मादलाइनाबाई चिमटे उकळता उकळता हसायच्या.
त्यांना आमची बोली नवऱ्याहून जास्त कळायची,
पण त्यांनी मला कधी उघडं पाडलं नाही.

घर आणि दवाखाना यांच्यात एकच भिंत,
भिंतीत एक दार, दाराला कडी नाही.
जेवणाच्या टेबलावर सूप, शेजारी गॉजच्या घड्या.
फ्लुरिनाच्या बाहुलीचा पाय कायम प्लास्टरमध्ये.
फ्रिज मात्र घरचा नव्हता.
त्यात गोवराची लस राहायची, एकटी, राणीसारखी.
ऑक्टोबरात वाळू तापून पाय ठेवू देत नसे,
तेव्हा पोरगी त्या पांढऱ्या दाराला गाल लावून उभी राहायची.
एक पेला, फक्त एक पेला पाणी आत ठेव ना.
"दार उघडलं की थंडी पळते," आई म्हणायची,
"आणि ती थंडी पलीकडच्या काठावरल्या पोरांची आहे."

त्या वर्षी झांबेझी गुरांच्या वाटा गिळून पसरली.
गावं टेकाडांवर चढून बसली.
आम्ही होडीत, बर्फाचा डबा बाईंच्या मांडीवर,
सितालीचं वल्हं लव्हाळ्यात अडकत, सुटत.
तिसऱ्या दिवशी एक मुलगा ओला होऊन आला,
धापा टाकत माझ्याशीच बोलला.

पहिल्यांदाच वाक्य उलट्या दिशेने न्यायचं होतं.
मी दोरी शोधली, गाठ शोधली,
हाताला काहीच लागेना.
म्हटलं, "ताप डोक्यात गेलाय. फ्लुरिना कुणाला ओळखत नाही."
डॉक्टर छोट्या होडीत उडी टाकून गेले,
चप्पल काठावरच.

बाईंना माझ्याआधीच कळलं होतं.
त्यांच्या हातात भरलेली सुई होती
आणि समोर एकतीस मुलं रांगेत.
त्यांनी रांगेकडे पाहिलं.
मग म्हणाल्या, "पुढचा."

बायका कुजबुजल्या, ही बाई आहे की दगड.
मीही म्हटलं. माझ्या भाषेत, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.
शेवटच्या मुलाचा दंड पुसताना
त्यांनी कापूस दोनदा खाली पाडला,
तो मीच उचलून दिला.

रात्रभर वल्हवून पहाटे पोचलो.
डब्यात बर्फ उरला होता, वितळून वितळून अंड्याएवढा.
तो त्यांनी पोरीच्या कपाळावर ठेवला
आणि पाणी कानाशी ओघळेपर्यंत हात काढला नाही.

ती जगली.
कान गेले, तापाने की क्विनीनने,
नवराबायकोत यावरून कधी भांडण झालं नाही,
एवढं मात्र खरं की त्यानंतर
टेबलावर सूप निवून जायचं.
आम्ही दोघींनी बोटांची भाषा केली.
पाणी म्हणजे तीन बोटं हलवणं, बाबा म्हणजे चष्मा,
फ्रिज म्हणजे तळव्यावर गाल.
त्या भाषेत मला खोटं बोलता येत नसे.

आता ती चाळिशीची, डोंगरातल्या गावात राहते.
डॉक्टर गेले, बाई गेल्या.
परवा तिचं पत्र आलं:
"नामाकाऊ, बाबांचा आवाज घोगरा होता ना?
मला तसा आठवतो. पण आठवतो की मीच बनवलाय?"

चौदा वर्षं मी त्यांची जीभ होते.
एकेक शब्द आठवतो.
आवाज आठवत नाही,
त्याच्या जागी माझाच ऐकू येतो.

उत्तर अजून लिहिलेलं नाही.
फ्रिज माझ्या अंगणात आडवा पडलाय,
आत कोंबडी खुडूक बसलीय, नऊ अंड्यांवर.
नातू सारखा डोकवायला जातो.
त्याला सांगते, दार उघडू नकोस,
ऊब पळते.